कोपराची कायम नेमणूक

(स्थळ : अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या उपनगरातील एका घराची बैठक. २०२५ च्या डिसेंबरातला रविवार, बाहेर बर्फ पडत असल्यामुळे पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराचे दर्शन पुढल्या रविवारवर ढकललेले. पात्रे दोन : कलेक्टर कचेरीत उभी हयात दप्तर सांभाळून निवृत्त झालेले आणि सहा महिन्यांच्या मुदतीवर लेकीकडे आलेले एक शिरस्तेदार, आणि पायरेट्स या स्थानिक बेसबॉल संघावर, परतफेडीची कोणतीही अपेक्षा न ठेवता, निस्सीम प्रेम करणारा त्यांचा जावई. जावयाच्या मांडीवर कागदांची चळत आहे, शिरस्तेदारांच्या हाती चहाचा पेला.)

शिरस्तेदार : जावईबापू, सकाळपासून पाहतो आहे; आपण नावांची एक यादी करता, तीतले एक नाव खोडता, तेच नाव पुन्हा खाली लिहिता आणि मग असा काही दीर्घ निःश्वास टाकता की, बदल्यांचे हुकूम निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या कचेरीत ऐकू येणाऱ्या निःश्वासांची मला आठवण व्हावी. प्रकरण कोणत्या खात्याचे आहे?

जावई : बेसबॉलचे, मामा. येत्या वर्षी आमच्या संघाकडे कोणकोणते पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, असतील, त्यांतल्या तरुणांना किती वर्षे धरून ठेवता येईल आणि त्यापायी दुसऱ्या कोणाला सोडून द्यावे लागेल, याचा पट मांडतो आहे.

शिरस्तेदार : संघाने तो आपल्याकडून मागवला आहे?

जावई : छे!

शिरस्तेदार : मग तयार झाल्यावर सादर कोणाकडे व्हायचा?

जावई : कोणाकडेच नाही. सामने बंद असतात त्या दिवसांत या गावातला हरएक प्रेक्षक हेच करीत असतो.

शिरस्तेदार : म्हणजे ज्याला आवक क्रमांक नाही, जावक क्रमांक नाही आणि ज्याच्यावर कोणा वरिष्ठाचा शेराही पडावयाचा नाही, असा अहवाल. असले अहवाल मीही पुष्कळ लिहिले; फरक इतकाच की, मला त्याबद्दल पगार मिळत असे. बरे, मंजूर पदे किती?

जावई : मोठ्या पटावर ४० नावे, त्यांतून प्रत्यक्ष सामन्यासाठी वरच्या पटावर २६, आणि त्या २६ मध्ये पिचर १३ पेक्षा अधिक असू नयेत, असा २०२२ पासूनचा दंडक आहे. बाकीचे खालच्या दर्जाच्या संघांत, म्हणजे आमच्या बाबतीत बहुधा इंडियानापोलिसला, बोलावणे येईल म्हणून वाट पाहत बसतात. एखाद्याला असे खाली धाडण्याची मुभा संघाला तीन हंगामांपुरती असते, आणि एका हंगामात पाचांहून अधिक वेळा धाडता येत नाही.

शिरस्तेदार : पाच वेळा! एका वर्षात पाच वेळा प्रतिनियुक्ती झाली असती, तर आमच्या नाझराने प्रवासभत्त्याच्या बिलांखालीच देह ठेवला असता. पण ते राहो. ज्याचे नाव आपण खोडता आणि पुन्हा लिहिता, तो गृहस्थ कोण?

जावई : पॉल स्कीन्स. २०२३ साली देशभरातल्या नवोदितांच्या निवडीत आमच्या संघाने त्याला सर्वांत पहिला उचलला, सहीपोटी ९२ लाख डॉलर मोजले, आणि २०२४ च्या ११ मे रोजी तो इथल्या मैदानात प्रथम उतरला. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तो ठरला. यंदा, २०२५ साली, त्याने नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावाच दिल्या, आणि उत्कृष्ट पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. परीक्षक ३० होते, आणि तिसांच्या तीस जणांनी त्याचेच नाव पहिले लिहिले.

शिरस्तेदार : मग संघाने सामने किती जिंकले?

जावई : १६२ पैकी ७१.

शिरस्तेदार : आणि या गृहस्थाच्या नावावर?

जावई : दहा विजय, दहा पराजय.

शिरस्तेदार : (पेला खाली ठेवीत) थांबा. तीस परीक्षकांनी एकमुखाने ज्याला सर्वश्रेष्ठ ठरवले, तो निम्मे सामने हरतो?

जावई : तो धावा रोखतो हो, पण काढायच्या कोणी? आमचे फलंदाज धावाच काढीत नाहीत, म्हणून एखाददुसरी धाव देऊनही तो हरतो.

शिरस्तेदार : समजलो. टिपणी उत्कृष्ट, पण वरून मंजुरी नाही. अशा कर्तबगार माणसाला मग संघ सोडून देणार आहे काय, की आपण सारखे त्याचे नाव खोडावे?

जावई : आज नाही, पण २०२९ चा हंगाम संपला की तो मोकळा. इथला कायदा असा आहे की, वरच्या पटावर सहा वर्षे सेवा भरली म्हणजे खेळाडू मुक्त होतो आणि वाटेल त्या संघाशी करार करू शकतो. पहिली तीनएक वर्षे संघ देईल तो पगार घ्यावा, यंदा त्याची किमान मर्यादा ७ लाख ६० हजार डॉलर होती. पुढली तीन वर्षे पगारावर तंटा झाला तर तो लवादापुढे जातो. आणि त्यानंतर ज्याची थैली मोठी त्याचा खेळाडू. संघाने एकूण पगारावर किती खर्च करावा याला इथे सक्त मर्यादाच नाही. ठरावीक आकड्यापलीकडे गेल्यास कर भरावा लागतो इतकेच, आणि न्यूयॉर्क-लॉस एंजलिसचे मालक तो कर हसतमुखाने भरतात.

शिरस्तेदार : आणि सेवेचे एक वर्ष म्हणजे किती दिवस?

जावई : हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो, त्यांतले १७२ दिवस वरच्या पटावर भरले की ते पूर्ण वर्ष धरतात.

शिरस्तेदार : (खुर्चीत पुढे सरकून, डोळ्यांत एक जुनी चमक येऊन) जावईबापू, मला या खेळातला चेंडू कळत नाही, दांडू कळत नाही, पण जिथे १७२ दिवसांनी वर्ष पुरे होते, तिथे कोणी ना कोणी १७१ व्या दिवशी थांबल्यावाचून राहत नाही, हे मी शपथेवर सांगतो. आहे की नाही असे प्रकरण?

जावई : आहे, मामा! शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट. तो काही पिचर नव्हे, पण खटला गाजला तो त्याचाच. २०१५ साली सरावाच्या सामन्यांत त्याने चेंडू मैदानाबाहेर धाडण्याचा सपाटा लावला असताही, क्षेत्ररक्षणात अजून सुधारणा हवी, असे कारण देऊन संघाने त्याला खाली ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. हंगामाअखेर त्याच्या खात्यावर नेमके १७१ दिवस जमले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, पण सेवेचे वर्ष काही पुरे झाले नाही.

शिरस्तेदार : वा, वा, वा! आमच्याकडे हंगामी कारकुनाला २९ दिवसांचा हुकूम देत, मध्ये एका दिवसाचा तांत्रिक खंड पाडीत, आणि पुन्हा २९ दिवसांचा हुकूम काढीत. कारण सेवा अखंड झाली तर तो कायम होण्याचा हक्क सांगेल, ही धास्ती. त्या एका खंडाच्या दिवशीही तो बिचारा कचेरीत येऊन बसायचा आणि फायली शिवायचा. फक्त हजेरीपटावर तो तेवढा नसायचा. आणि तुमच्या ब्रायंटाने दाद मागितली असेलच?

जावई : मागितली. निकाल लागला २०२० साली, आणि तो संघाच्या बाजूने.

शिरस्तेदार : पाच वर्षांनी! जावईबापू, सहा हजार कोस ओलांडून आल्यावर या देशाविषयी मला प्रथमच आपलेपणा वाटू लागला आहे. तर मग स्कीन्सही ११ मेलाच का उगवला, हे मला सांगण्याची आवश्यकता नाही.

जावई : संघाचे म्हणणे असे की, तरुण हातावर एकदम ताण पडू नये म्हणून त्याच्या चेंडूंची संख्या हळूहळू वाढवीत नेली. ते खरेही असेल. पण गंमत पुढेच आहे. मालक आणि खेळाडू यांच्या २०२२ च्या सामुदायिक करारात एक पोटकलम घातले गेले : नवोदितांच्या पुरस्कारात जो पहिल्या दोघांत येईल, त्याचे दिवस कमी भरले असले तरी त्याला पूर्ण वर्ष मोजून द्यावे. स्कीन्स पहिला आला. मेमध्ये येऊनही त्याचे वर्ष एप्रिलपासून भरल्यासारखे झाले. ते झाले नसते, तर तो २०३० पर्यंत आमचा असता.

शिरस्तेदार : म्हणजे कर्मचाऱ्याने गुणवत्तेच्या जोरावर खंड क्षमापित करून घेतला! असे पोटकलम आमच्याकडे असते, तर कित्येकांचे निवृत्तिवेतन सुटले असते. पण मला सांगा, ही सहा वर्षांची अट मुळात आली कोठून? मालक मंडळी स्वखुशीने कोणाला मुक्त करतील, हे संभवत नाही.

जावई : पूर्वी करारात असे एक कलम असे की, खेळाडूने नवी सही केली नाही, तरी संघ जुना करार एक वर्षाने वाढवू शकतो, आणि मालक त्याचा अर्थ असा लावीत की, त्या वाढीव वर्षातही तेच कलम असल्याने, ते संपताच पुन्हा एक वर्ष.

शिरस्तेदार : यावच्चंद्रदिवाकरौ! सनदेत आम्ही हेच लिहीत होतो, फक्त उघडपणे.

जावई : शेवटी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघांनी, आणि दोघेही पिचरच बरे का, १९७५ चे वर्ष सहीविना काढले, आणि पीटर साइट्झ नावाच्या लवादाने २३ डिसेंबर १९७५ रोजी निवाडा दिला की, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. सहा वर्षांची अट ही त्यानंतरची तडजोड. मालकांनी लागलीच साइट्झला लवादाच्या पदावरून दूर केले.

शिरस्तेदार : निवाडा राहिला आणि न्यायाधीश गेला, बहुतेक ठिकाणी याच्या उलट होते. पण मग संघापुढे मार्ग सरळ आहे. माणूस चांगला आहे, सहा वर्षांनी जाणार आहे. तर आजच त्याच्याशी बारा वर्षांचा करार करून त्याला कायम करून टाकावे. यात निःश्वास टाकण्यासारखे काय आहे?

जावई : कोपर, मामा.

शिरस्तेदार : कोणाचे?

जावई : त्याचे, ह्याचे, प्रत्येक पिचरचे. ताशी शंभर मैलांच्या वेगाने चेंडू टाकायचा म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला जो एक अस्थिबंध असतो, त्याच्यावर प्रत्येक चेंडूगणिक एवढा ताण येतो की, तो केव्हा तुटेल याचा नेम नाही. १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या डावऱ्या पिचरचा तो तुटला, तेव्हा डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक कंडरा काढून डाव्या कोपरात बसवला. तोपर्यंत असे कोणी केलेले नव्हते. त्यानंतर तो १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्या दुरुस्त कोपराचे. आता ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखतात.

शिरस्तेदार : उजव्या हातातून डाव्या हातात खात्यांतर्गत बदली, आणि रिकाम्या जागेबद्दल उजव्या हाताने तक्रार केली नाही?

जावई : त्या कंडऱ्यावाचून हाताचे काही अडत नाही, कित्येकांना तो जन्मतःच नसतो.

शिरस्तेदार : अतिरिक्त पद! असे पद हुडकून काढणारा अधिकारी विरळा. बरे, दुरुस्तीला किती दिवस लागतात?

जावई : बारा ते अठरा महिने. आणि वरच्या पटावर असताना इजा झाली, तर तेवढा काळ पगार चालू, सेवाही मोजली जाते. दीर्घ मुदतीच्या इजेच्या यादीत घातला, तर चाळिसांतली त्याची जागा तेवढी दुसऱ्याला मिळते.

शिरस्तेदार : पूर्ण पगारी वैद्यकीय रजा, ज्येष्ठता अबाधित आणि पद तात्पुरते रिक्त. मी भलत्याच खात्यात जन्म घालवला, जावईबापू.

जावई : आता संघाची अडचण पाहा. अटलांटाने २०२२ साली स्पेन्सर स्ट्रायडर या तरुणाला पुरता एक हंगाम पाहून सहा वर्षांचे साडेसात कोटी डॉलर दिले. पुढल्या वर्षी त्याने २० सामने जिंकून दिले. त्याच्या पुढल्या एप्रिलात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. वॉशिंग्टनने स्टीफन स्ट्रासबर्गचे तर बाळासारखे लाड केले : २०१२ साली संघ ऐन भरात असताना, हाताला जपावे म्हणून त्याला सप्टेंबरातच बसवून ठेवला, २०१९ साली त्याने जगज्जेतेपद मिळवून दिले, तेव्हा कृतज्ञतेने सात वर्षांचे साडेचोवीस कोटी दिले, आणि त्यानंतर खांद्यालगतच्या नसांच्या विकाराने तो केवळ आठ सामने खेळून थांबला.

शिरस्तेदार : म्हणजे देऊन पस्तावले. न देता पस्तावलेले कोणी?

जावई : आम्हीच की! गेरिट कोल, २०११ सालची आमची पहिली निवड. मुक्त होण्याची वेळ जवळ आली तसा, फुकट जाण्यापेक्षा काही पदरात पडलेले बरे, म्हणून २०१८ च्या जानेवारीत त्याला ह्यूस्टनला देऊन चार खेळाडू घेतले. तिथे तो तळपला, आणि पुढल्याच वर्षाअखेर न्यूयॉर्कच्या यांकीजने त्याला नऊ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख दिले. आमच्या संघाने साऱ्या इतिहासात कोणाला दिलेली सर्वांत मोठी रक्कम याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि तीही पिचरला नव्हे.

शिरस्तेदार : आणि त्या कोलाचे कोपर?

जावई : २०२५ च्या मार्चमध्ये गेले. सबंध वर्ष बसून होता.

शिरस्तेदार : (समाधानाने) तर मग कोपर श्रीमंत-गरीब पाहत नाही. ही एक गोष्ट आपण नोंदवून ठेवू. आपल्याकडे आणखी तरुण कोण?

जावई : मिच केलर आहे, त्याला २०२४ साली पाच वर्षांचे ७ कोटी ७० लाख देऊन बांधला. जेरेड जोन्स आहे. त्याच्या कोपरावर २०२५ च्या मेमध्येच शस्त्रक्रिया झाली. बबा चँडलर आहे. सारा उन्हाळा इंडियानापोलिसला राहून ऑगस्टच्या उत्तरार्धात वर आला.

शिरस्तेदार : ऑगस्टच्या उत्तरार्धात! त्याच्या १७२ दिवसांचा हिशेब मी करीत नाही. तो कोणीतरी आधीच केलेला दिसतो. पण असे तरुण खाली दडवून ठेवले, तर शेजारचा संघ डोळा ठेवणार नाही काय?

जावई : त्यासाठीच नियम पाच आहे. चार-पाच वर्षे खाली ठेवूनही ज्याला चाळिसांच्या पटावर घेतले नाही, त्याला दर डिसेंबरात दुसरा कोणताही संघ एक लाख डॉलर भरून उचलू शकतो. अट एवढीच की, पुढला संपूर्ण हंगाम त्याला वरच्या पटावर ठेवले पाहिजे, नाहीतर परत देऊ केले पाहिजे. परवा आपण मैदानाशेजारचा जो पिवळा पूल ओलांडला, तो ज्याच्या नावाचा, तो रोबेर्तो क्लेमेन्ते अशाच निवडीतून आम्हांला मिळाला. ब्रुकलिनने त्याला मॉन्ट्रियलला धाडून, दुसऱ्या कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून फारसे खेळवलेच नाही; आमच्या माणसांनी तरीही पाहिला, आणि १९५४ च्या नोव्हेंबरात ४,००० डॉलर भरून उचलला. तो अठरा वर्षे इथे खेळला आणि त्याने बरोबर ३,००० फटके पुरे केले. त्याचा क्रमांक २१ होता, म्हणून मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच बांधली आहे.

शिरस्तेदार : चार हजारांत अठरा वर्षे, एक पूल आणि एक भिंत! म्हणजे लपवण्यात ज्याचा वेळ जातो त्याच्या हातून माणूस जातो, हे या गावाला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. मग हेच गाव आता दिवस मोजीत का बसते?

जावई : पैसा कमी, मामा. शिवाय हरण्याची सवय. १९९३ ते २०१२ अशी लागोपाठ वीस वर्षे हा संघ जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरला. शेवटचे जगज्जेतेपद १९७९ चे. कोणे एके काळी तर पिचरांच्या शोधात आमची माणसे थेट आपल्या देशात आली होती. म्हणजे आली एका दूरदर्शन स्पर्धेची माणसे. पण त्यांत निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोघा भालाफेकपटूंशी, ज्यांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता, २००८ साली करार केला तो आमच्याच संघाने.

शिरस्तेदार : मग? झाले का ते कायम?

जावई : नाही. खालच्या संघांतूनच परतले. दिनेश दोन वर्षांनी गेला. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत शिरला.

शिरस्तेदार : भाल्यावरून चेंडूवर आणि चेंडूवरून कुस्तीत, खातेबदल मात्र नियमित झाले. असो. आता तो कागद इकडे द्या. नाही, नको, आपणच लिहा, मी मसुदा सांगतो. दोन प्रकरणे वेगवेगळी करा. पहिले प्रकरण, जो पिचर अजून नावारूपाला आलेला नाही त्याचे. कोपर उद्या गेले तर आपल्या हाती काय राहील, ही धास्ती त्याला संघापेक्षा अधिक असते. असा कोणी आहे, की ज्याने त्या धास्तीपोटी थोडक्यात सही केली?

जावई : आहे. फिलाडेल्फियाचा क्रिस्तोफर सांचेझ. २०२४ च्या जूनमध्ये त्याने चार वर्षांच्या सव्वादोन कोटी डॉलरांवर सही केली. यंदा साय यंग पुरस्कारात स्कीन्सच्या खालोखाल दुसरा आला, तो हाच.

शिरस्तेदार : उत्तम. त्याला निश्चिंती मिळाली, संघाला माणूस मिळाला. उभयपक्षी संतोष असलेले एवढेच प्रकरण या सबंध दप्तरात मला दिसले. तेव्हा लिहा : तरुण पिचरशी करार, तो पुरस्कार घेऊन परत येण्याच्या आधी करावा, मागाहून करू नये, आणि दहांपैकी तिघांची कोपरे जाणार हे धरूनच दहांशी करावे.

जावई : पण मामा, स्कीन्सला ही धास्ती दाखवून चालणार नाही. सहीचेच ९२ लाख त्याच्या गाठीला आहेत.

शिरस्तेदार : ते दुसरे प्रकरण. ज्याला पैशाची निकड नाही त्याला पैशाने बांधता येत नाही, आणि तुमच्या मालकापाशी तो न्यूयॉर्कएवढा नाहीही. मग त्याला देण्यासारखे दुसरे काय आहे, ते त्याच्या सेवापुस्तकातच लिहिलेले आहे : दहा विजय, दहा पराजय. माणूस सरासरी दोन धावाही देत नाही आणि तरी निम्म्या वेळा हरतो, अशा ठिकाणी तो कशासाठी राहील? त्याला फलंदाज द्या. तेवढ्याने तो राहीलच असे नाही. पण न राहिला, तरी तो असताना चार वर्षे तरी हे गाव त्याला जिंकताना पाहील.

जावई : आणि दिवसांचे काय? यापुढच्या तरुणांना मेपर्यंत खाली ठेवावे की नाही?

शिरस्तेदार : जावईबापू, मी जन्मभर लोकांचे दिवस मोजले. एका दिवसाचा खंड पाडून सरकारचा हक्क वाचवण्यात माझा हातखंडा होता, आणि त्याबद्दल दोन वेळा प्रशस्तिपत्रही मिळाले. पण ज्यांचे खंड पाडले, त्यांतला चांगला कारकून संधी मिळताच दुसरीकडे गेला, आणि ज्याला दुसरीकडे कोणी विचारीत नव्हते तो तेवढा आमच्याकडे मुरला. तेव्हा शेवटचा शेरा असा लिहा : सहा वर्षांची मुदत संघाला दिवस वाचवण्यासाठी दिलेली नसून सामने जिंकण्यासाठी दिलेली आहे, स्कीन्सपुरती तीतली दोन वर्षे खर्ची पडली असून चार शिल्लक आहेत, ज्या सामुदायिक करारावर हा सारा हिशेब उभा आहे, तो १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, सबब मालकांनी फलंदाजांच्या खरेदीची तजवीज याच हिवाळ्यात करावी.